श्वानपिल्लाचे दंशवर्तन

कुत्र्याच्या पिल्लाने खेळताना, दात येताना किंवा अन्न राखताना माणसाच्या हातापायांस व वस्त्रांस दात लावणे, यास दंशवर्तन म्हणता येईल. ज्या जातींत पाठलाग, शिकार वा राखण यांची प्रेरणा प्रबळ असते, त्यांच्या पिल्लांत ते अधिक तीव्र असते. हे वर्तन बहुधा वर्चस्व गाजविण्याच्या इच्छेतून उद्‌भवत नाही. परंतु तसा समज करून घेऊन केलेल्या शिक्षेमुळे खेळकर चावण्याचे रूपांतर खऱ्या आक्रमकतेत होण्याचा धोका असतो.

सोलापूर व सांगली जिल्हे आणि लगतचा उत्तर कर्नाटक या प्रदेशांत कारवानी ही सडपातळ, लांब मुस्कटाची, वेगवान जात आढळते. तिलाच मुधोळ असेही म्हणतात. लांब, मऊ केसांच्या प्रकारास पश्मी हे नाव आहे. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांच्या चार जातींवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा समावेश होता. हे कुत्रे वासापेक्षा दृष्टीच्या आधारे सावज हेरतात. त्यामुळे हलणारी वस्तू दिसताच त्यांची धाव घेण्याची प्रवृत्ती जन्मजात असते. माळरानावर ससा धरण्यास उपयोगी पडणारी हीच प्रवृत्ती जुळे सोलापूरसारख्या नागरी वसाहतीत धावणारी मुले, फडफडणारे पदर व सायकली यांकडे वळते. तो पिल्लाचा दोष नसून, प्रेरणेस योग्य वाट न मिळाल्याचा परिणाम होय.

वाढ व दात : पिल्लास सु. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यांत २८ दुधाचे दात येतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागून सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत ४२ कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात व चावण्याची गरज वाढते. किती जोराने दात लावावेत, याचे पहिले शिक्षण भावंडांकडून मिळते : जोरात चावल्यास समोरचे पिल्लू केकाटते व खेळ थांबतो. याकरिता आठ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी पिल्लू आईपासून तोडू नये. जे. पी. स्कॉट व जे. एल. फुलर यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार सु. तिसरा ते बारावा आठवडा हा पिल्लाच्या समाजीकरणाचा निर्णायक काल होय.

वर्चस्वाची कल्पना : रूडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणावरून कळपातील श्रेणीरचनेचे वर्णन केले. त्यावरून मालकाने ‘कळपाचा म्होरक्या’ व्हावे व पिल्लास उताणे दाबून धरावे, अशी पद्धत रूढ झाली. पुढे डेव्हिड मेक यांनी मुक्त लांडग्यांच्या निरीक्षणांवरून १९९९ मध्ये दाखवून दिले, की नैसर्गिक कळप हे बहुधा आईबाप व त्यांची पिल्ले यांचे कुटुंबच असते; त्यातील अग्रस्थान झुंजीने मिळविलेले नसते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००९ मधील पाहणीत, वर्तनदोषासाठी आणलेल्या कुत्र्यांपैकी ज्यांना मारण्यात वा लाथाडण्यात आले होते त्यांतील ४३ टक्क्यांनी, तर ज्यांना उताणे दाबले होते त्यांतील ३१ टक्क्यांनी आक्रमक प्रतिसाद दिल्याचे आढळले.

उपाय : दात त्वचेस लागताच हात झटकू नये, झटकलेला हात पिल्लास पळणाऱ्या सावजासारखा भासतो. हालचाल थांबवून खेळ बंद करावा आणि अर्धा-एक मिनिट पिल्लाकडे पाठ फिरवावी. घरातील सर्वांनी हाच नियम पाळावा. एकाने हाताशी झोंबू द्यावे व दुसऱ्याने रागवावे, असे झाल्यास शिक्षण होत नाही. हाताऐवजी गाठी मारलेला दोर किंवा ओले करून थंड केलेले फडके चावावयास द्यावे. तोंडातील वस्तू हिसकावण्याऐवजी अन्नाचा तुकडा देऊन ती सोडवावी. पिल्लू खात असताना ताटली ओढू नये. जवळून जाताना तीत एखादा चांगला तुकडा टाकल्यास माणसाच्या येण्याची धास्ती राहत नाही. गुरगुरणे ही पूर्वसूचना असते. त्याबद्दल शिक्षा केल्यास पिल्लू सूचना देणे सोडते व पुढे एकदम चावते.

प्रबळ प्रेरणेस रोज वाट मिळावी लागते. दोराच्या टोकास बांधलेल्या चिंधीचा पाठलाग व लपविलेल्या खाद्याचा शोध हे खेळ उपयुक्त ठरतात. मात्र खेळ आज्ञेने सुरू व आज्ञेने बंद व्हावा. सोलापूरच्या उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जात असल्याने व्यायाम पहाटे व सूर्यास्तानंतर द्यावा. लहान पिल्लास दिवसाचा बराच काळ झोप लागते; थकलेले व झोपमोड झालेले पिल्लू अधिक चावते. लहान मुले व पिल्लू यांना एकटे सोडू नये.

दक्षता : पिल्लू लहान वा घरचे आहे म्हणून त्याच्या दंशाकडे दुर्लक्ष करणे घातक ठरू शकते, कारण लक्षणे दिसू लागल्यावर अलर्क रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक असतो. त्वचेवर ओरखडा उठला, तरी जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ वैद्यकीय सल्ला घ्यावा. हळद, चुना किंवा तिखट लावू नये. पिल्लास सु. तीन महिन्यांचे झाल्यावर अलर्करोगप्रतिबंधक लस टोचून घ्यावी व पशुवैद्याच्या सल्ल्याने ती पुढेही देत राहावी. कायमचे दात आल्यानंतरही जखम होईल असे चावणे चालू राहिल्यास, किंवा शरीर ताठ करून अन्न वा जागा राखण्याची वृत्ती वाढल्यास, प्रथम वेदना वा आजार नाही याची पशुवैद्याकडून खात्री करून घ्यावी. त्यानंतरच शिक्षणाचा मार्ग ठरवावा.