तारांसाठी चांगला दात काढायचा?

‘तारा लावण्याआधी चार दात काढावे लागतील,’ असे ऐकले की पालक बिचकतात. न किडलेला दात का काढायचा?

उत्तर जागेच्या हिशेबात आहे. जबडा लहान आणि दात रुंद असले, की ते एकमेकांवर चढतात. ही तूट दातांच्या साच्यावर मोजतात. एका जबड्यात ती ४ मिलिमीटरपर्यंत असेल, तर दात सहसा वाचतात. वाढत्या वयात टाळू रुंदावून किंवा दातांच्या कडा किंचित घासून जागा करता येते. तूट १० मिलिमीटरच्या पुढे गेली, तर बहुधा सुळ्यामागची छोटी दाढ दोन्ही बाजूंनी काढतात. तिची रुंदी साधारण ७ मिलिमीटर, म्हणजे एका जबड्यात १४ मिलिमीटर जागा मिळते. मधल्या रुग्णांत ओठांची ठेवण, हिरड्या आणि वय पाहून निर्णय होतो. जागा नसताना दात रेटून बसवले, तर ओठ पुढे येऊ शकतात, हिरड्या उतरू शकतात.

काढलेला दात परत येत नाही. म्हणून होकार देण्याआधी दोन प्रश्न विचारा: तूट किती मिलिमीटर आहे? दात न काढता काय होईल? शंका राहिली, तर दुसऱ्या दंतव्यंगतज्ज्ञाला एक्स-रे आणि साचे दाखवा.

आणि सोलापूरकरांनो, तारा निघेपर्यंत कडक भाकरी आमटीत भिजवूनच खा!