मोबाईलचा हॉटस्पॉट अडला असता

व्यापाऱ्याच्या पेढीवर पूर्वी तराजू, वही आणि गल्ला ही तीन साधने असली म्हणजे दिवसाचा व्यवहार सुरळीत चाले. आज त्यांत चौथ्या साधनाची भर पडली आहे. ते म्हणजे इंटरनेटची जोडणी होय. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर अमलात आला, आणि १ एप्रिल २०१८ पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या ५०,००० रुपयांवरील मालासाठी सर्वसाधारणपणे ई-वे बिल आवश्यक ठरले. आमच्या सीमाभागात या नियमाचे महत्त्व विशेष आहे. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे अथवा निपाणीमार्गे कोल्हापूरकडे निघालेला माल थोड्याच वेळात राज्याची सीमा ओलांडतो. गाडी भरून उभी आहे, चालक घाई करीत आहे आणि बिल मात्र निघत नाही, असा प्रसंग आला म्हणजे या जोडणीचे मोल कळते.

अनेक लहान पेढ्यांवर ही जोडणी मालकाच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवरच चालते. ज्यांच्याकडे तारेची जोडणी आहे, त्यांनाही वीज गेली म्हणजे हॉटस्पॉटचाच आधार घ्यावा लागतो. अशा वेळी, "रात्री मोबाईलने सिस्टिम अपडेट घेतले आणि सकाळपासून हॉटस्पॉट चालत नाही," ही तक्रार सभासद बंधूंकडून वारंवार ऐकू येते. मग कोणी मोबाईल निकामी झाला असे समजून नवा घेण्यास धावतो, तर कोणी त्यातील सर्व माहिती पुसून टाकण्यास प्रवृत्त होतो. आमच्या मते हे दोन्ही मार्ग घाईचे होत. तेरीज जुळली नाही म्हणून कोणताही जाणता व्यापारी वही फाडून टाकीत नाही. तो एकेक रक्कम ताडून पाहतो, आणि चूक बहुधा एखाद्याच नोंदीत सापडते. येथेही तीच रीत अनुसरावी.

प्रथम हॉटस्पॉट म्हणजे काय, हे ध्यानात घेऊ. मोबाईल येथे अडत्याचे काम करतो. एका बाजूने तो कंपनीच्या टॉवरकडून इंटरनेट घेतो आणि दुसऱ्या बाजूने वाय-फायच्या लहरींवरून ते गल्ल्यावरील संगणकास देतो. अपडेटमुळे मोबाईलच्या आतील यंत्रसामग्री बदलत नाही. बदलते ती तिला चालविणारी आज्ञावली. त्या बदलात काही सेटिंग मूळ स्थितीस जातात, सुरक्षेचे नियम कधी कडक होतात, आणि मोबाईल व संगणक यांची जुनी ओळख जुळेनाशी होते. बहुतेक अडचणींचे मूळ येथेच असते.

म्हणून प्रारंभी मोबाईल व संगणक दोन्ही बंद करून पुन्हा चालू करावेत. एवढ्यानेच पुष्कळदा काम भागते. न भागल्यास दोष कोणत्या बाजूस आहे, ते ठरवावे. मोबाईलचे स्वतःचे वाय-फाय बंद करून केवळ मोबाईल डेटावर एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. ते उघडत नसेल, तर दोष टॉवरकडील बाजूस आहे. मग डेटा चालू आहे काय, दिवसाचा कोटा संपला काय, हे पाहावे. संकेतस्थळ उघडत असेल, तर दुसरा एखादा मोबाईल हॉटस्पॉटला जोडून पाहावा. तो नीट चालला, तर मोबाईल निर्दोष असून अडचण संगणकात आहे असे समजावे. या दोन परीक्षांनी अर्धे काम होते. पुढील उपाय लक्षण पाहून योजावा.

पहिले लक्षण असे की, संगणकास हॉटस्पॉटचे नावच दिसत नाही. वाय-फायच्या लहरी मुख्यतः २.४ व ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत चालतात. जुने संगणक, बिलाचे प्रिंटर व काही बिलिंग यंत्रे केवळ पहिलाच पट्टा जाणतात. अपडेटनंतर हॉटस्पॉट दुसऱ्या पट्ट्यावर गेला, की त्यांच्या दृष्टीने तो नाहीसाच होतो. अँड्रॉइड मोबाईलमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'बँड' या ठिकाणी २.४ गिगाहर्ट्झ निवडावे. काही मोबाईलमध्ये यासाठी 'एक्स्टेंड कंपॅटिबिलिटी' हे बटण असते. आयफोन १२ व त्यानंतरच्या आयफोनमध्ये 'मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी' हे बटण चालू करावे. आयफोनवर संगणक जोडला जाईपर्यंत 'पर्सनल हॉटस्पॉट' हे पान उघडेच ठेवावे.

दुसरे लक्षण म्हणजे नाव दिसते, परंतु पासवर्ड स्वीकारला जात नाही. अशा वेळी मोबाईलमध्ये सध्याचा पासवर्ड कोणता दिसतो, ते प्रथम पाहावे. तो बदललेला असू शकतो. नंतर संगणकातील जुनी नोंद 'फरगेट' या आज्ञेने काढून नव्याने जोडणी करावी. तरीही नकार मिळाला, तर सुरक्षेचा प्रकार पाहावा. २०१८ साली आलेला डब्ल्यूपीए३ हा प्रकार अनेक जुन्या यंत्रांना ठाऊक नसतो. त्यांच्यासाठी डब्ल्यूपीए२ अथवा दोन्हींचा संयुक्त पर्याय निवडावा. मात्र जोडणी होत नाही म्हणून पासवर्डच काढून टाकणे, हे दुकानास कुलूप न लावता घरी जाण्यासारखे आहे. ते कदापि करू नये.

तिसरे लक्षण, जोडणी झालेली दिसते, पण इंटरनेट मिळत नाही. येथे 'डेटा सेव्हर' व व्हीपीएन बंद करून पाहावे. त्याने गुण न आल्यास एपीएन, म्हणजे सिमकार्डाच्या कंपनीशी जोडणाऱ्या सेटिंगची नोंद, मूळ स्थितीस आणावी. योग्य नोंद कंपनीच्या अधिकृत ग्राहक सेवेकडून समजते.

चौथे लक्षण, जोडणी होते आणि थोड्या वेळाने तुटते. पुष्कळ मोबाईल, कोणतेही यंत्र जोडलेले नसल्यास काही मिनिटांत हॉटस्पॉट आपोआप बंद करतात. ही सोय बॅटरी वाचविण्यासाठी असते. पेढीवर ती बंद ठेवावी, बॅटरी बचतीचा पर्यायही बंद ठेवावा, आणि मोबाईल चार्जरला लावून हवेशीर जागी ठेवावा. फार तापलेला मोबाईलही हॉटस्पॉट सोडून देतो.

क्वचित दोष अपडेटमध्येच असतो. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी दिलेल्या अपडेटनंतर, संगणकावरून हॉटस्पॉट देताना दुसरे यंत्र जोडताच मूळ संगणकाचीच जोडणी तुटू लागली. कंपनीने हा दोष मान्य केला आणि पुढील अपडेटांत तो दूर केला. तेव्हा सर्व उपाय करूनही यश न आल्यास, त्यानंतरचे दुरुस्तीचे अपडेट आले आहे काय, हे अवश्य पाहावे.

शेवटचे दोन उपाय क्रमानेच करावेत. 'नेटवर्क सेटिंग रीसेट' केल्याने साठविलेले वाय-फायचे पासवर्ड व ब्लूटूथच्या जोडण्या जातात. छायाचित्रे व संपर्क सुरक्षित राहतात. 'फॅक्टरी रीसेट' मात्र मोबाईल कोरा करतो. सर्व माहितीची प्रत अन्यत्र ठेवल्यावाचून त्यास हात लावू नये.

हे सर्व होईपर्यंत गाडी खोळंबू नये, यासाठी एक सोपी युक्ती सांगतो. मोबाईल यूएसबी तारेने संगणकास जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे. यात वाय-फायचा संबंधच येत नसल्याने बँड व पासवर्ड यांचे प्रश्न उद्भवत नाहीत. तार मात्र केवळ चार्जिंगची नसून माहिती वाहून नेणारी असावी.

आता सावधगिरीच्या चार गोष्टी. मासिक विवरणपत्रे भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची मुदत सामान्यतः पुढील महिन्याच्या ११ तारखेस व जीएसटीआर-३बी ची २० तारखेस असते. त्या सुमारास अपडेट घेऊ नये, पेढी बंद असेल त्या दिवशी घ्यावे. मात्र ते कायमचे टाळूही नये, कारण सुरक्षेतील उणिवा त्यानेच बुजतात. हॉटस्पॉटचे नाव, पासवर्ड, बँड व सुरक्षेचा प्रकार एका कागदावर लिहून तिजोरीत ठेवावा. संदेशातून आलेल्या दुव्यावरून अपडेट घेऊ नये. ते मोबाईलच्या सेटिंगमधूनच घ्यावे. आणि मदतीसाठी कोठेतरी सापडलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून कोणास ओटीपी अथवा यूपीआयचा पिन सांगू नये. अडचणीत सापडलेल्या माणसाची घाई हेच ठगांचे भांडवल असते. दुर्दैवाने फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे.

यत्नाचार, म्हणजे प्रत्येक कृती पाहून व जपून करणे, ही शिकवण आपणांस बालपणापासून मिळालेली आहे. यंत्राच्या बाबतीतही तीच उपयोगी पडते. आधी तपास, मग लहान उपाय, आणि सर्वांत शेवटी मोठा, हा क्रम ज्याने सांभाळला, त्याची पेढी एका अपडेटने सहसा अडणार नाही. सभासद बंधुभगिनींनी या माहितीचा लाभ घ्यावा आणि आपल्या दुकानातील तरुण मदतनिसांसही ती सांगावी, एवढीच विनंती.