घाटातला शिंग्रोबा

लोणावळा-खंडाळ्याहून जुन्या महामार्गाने खोपोलीकडे उतरताना बोरघाटात शिंग्रोबाचे छोटे देऊळ लागते. लोककथेनुसार शिंग्रोबा हा इथलाच धनगर. गुरांच्या पायवाटा त्याला पाठ होत्या. घाट फोडण्याची वाट त्यानेच इंग्रजांना दाखवली. बक्षीस विचारताच त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि त्याला गोळी घातली गेली, असे सांगतात. कागदोपत्री श्रेय मात्र साहेबांचे: बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमच्या काळात खुला झाला, रेल्वे १८६३ मध्ये. ज्याच्या पायाखालची वाट, त्याचे नाव लोकांनी तरी जपले, हे मोलाचे आहे. ट्रकचालक वेग कमी करतात, देवळाकडे नाणे टाकतात, हात जोडून पुढच्या वळणाला लागतात.

खंडाळ्याजवळचा १८३० चा अमृतांजन पूलही अशीच ओळखीची खूण होता. बामच्या जाहिरातीवरून त्याला हे नाव पडले. द्रुतगती मार्गावरच्या वाहतुकीला अडथळा ठरत असल्याने एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, तो सुरुंगाने पाडला.

शिंग्रोबाचे दर्शन घ्यायचे तर द्रुतगती मार्ग सोडून जुना घाटरस्ता धरावा. पावसाळ्यात धुके दाट असते. वळणावर गाडी उभी करू नये.