स्थिर ठेवायचे ते काय?

विजेची इस्त्री ठरावीक तापमानाला पोचली की प्रवाह बंद होतो. थंड होऊ लागली की पुन्हा सुरू होतो. येथे काय स्थिर ठेवायचे, हा प्रश्नच पडत नाही. कारखान्यात मात्र मोजता येणाऱ्या राशी अनेक असतात. त्यांतली कोणती स्थिर ठेवली असता काम कमीत कमी खर्चात होईल, हे आधी ठरवावे लागते.

साखर कारखान्यातील बॉयलरचे उदाहरण घेऊ. त्यात उसाची चिपाडे, म्हणजेच बगॅस जाळतात. हवा कमी पडली तर ज्वलन अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हवा फार झाली तर ती उगाच तापते आणि उष्णता घेऊन धुराड्यावाटे निघून जाते. म्हणून गरजेपेक्षा थोडी, समजा २५ टक्के, जास्त हवा देणे फायद्याचे ठरते. हे प्रमाण राखायचे कसे?

पहिला मार्ग म्हणजे दर १०० किलो बगॅसमागे ठरावीक हवा देणे. पण बगॅसचा ओलावा बदलत राहतो. तो ४८ टक्के असेल तर जळणारे कोरडे द्रव्य ५२ किलो भरते. ५५ टक्के झाला तर ४५ किलोच. हवा तेवढीच राहिली तर जादा हवा २५ वरून सुमारे ४४ टक्क्यांवर जाते. नियंत्रक आपले काम चोख करतो, तरीही इंधन वाया जाते!

मग कार्यक्षमताच मोजून ती कमाल पातळीवर का धरू नये? कारण कमाल बिंदूच्या दोन्ही बाजूंना ती घटतेच. ती घटली तर हवा वाढवायची की कमी करायची, हे नियंत्रकाला कळणार कसे?

तिसरा मार्ग म्हणजे धुरात उरलेला ऑक्सिजन मोजणे. बगॅस हा मुख्यतः कर्बोदकांचा बनलेला असतो. त्याच्या ज्वलनात ऑक्सिजनचा एक रेणू खर्ची पडला की कार्बन डायऑक्साइडचा जवळजवळ एक रेणू तयार होतो. म्हणून पाण्याची वाफ वगळली तर धुराचे आकारमान आत गेलेल्या हवेइतकेच राहते. हवेत २१ टक्के ऑक्सिजन धरला तर १२५ भाग हवेत तो २६.२५ भाग असतो. ज्वलनात २१ भाग संपतो, ५.२५ भाग उरतो. म्हणजे धुरात ४.२ टक्के. या हिशेबात बगॅसचे वजन नाही आणि ओलावाही नाही! कोरड्या धुरातील ऑक्सिजन ४.२ टक्क्यांवर धरला की हवा आपोआप योग्य तेवढी होते.

हा विचार मोरारी, आर्कुन आणि स्टेफानोपूलोस यांनी १९८० मध्ये मांडला. नॉर्वेतील सिगुर्ड स्कोगेस्टाड यांनी २००० साली त्याला पद्धतशीर रूप दिले. त्याचे सार असे: निवडलेली राशी सहज व अचूक मोजता यावी, आपण झडप किंवा पंखा हलवला की ती ठळकपणे बदलावी, आणि परिस्थिती बदलली तरी तिची सर्वोत्तम किंमत फारशी बदलू नये. बगॅस फार ओला असेल तर ४.२ हा आकडाही थोडा सरकतो. पण कमाल बिंदूजवळ आलेख सपाट असतो, त्यामुळे त्या चुकीची किंमत अल्प असते.

वर्गात एक प्रश्न जरूर विचारून पाहावा: गिअरच्या सायकलने चढ-उताराच्या रस्त्यावर दूर जायचे आहे. न दमता जाण्यासाठी स्थिर काय ठेवावे, सायकलचा वेग की पायडलचे मिनिटाला होणारे फेरे? आणि का?