पासवर्डआधीची दहा सेकंदं

जळगावातलं एखादं घर घ्या. एका खोलीत लॅपटॉप, शेजारच्या खोलीत लिनक्सवर चालणारं रास्पबेरी पाय. लॅपटॉपवरून लॉगिनची कमांड दिली की स्क्रीन गप्प बसतो. पाच, दहा, कधी वीस सेकंदांनी पासवर्ड विचारला जातो. एकदा आत शिरलं की मात्र सगळं झपाझप चालतं.

खरी खूण इथेच आहे. वाय-फाय मंद असतं, तर आत गेल्यावरही टाइप केलेली अक्षरं अडखळली असती. तरी लोक आधी नवा राउटर घेतात. तो खर्च वाया जातो, कारण खोळंबा वेगाचा नसून बहुधा नावाचा असतो.

अशा लॉगिनसाठीची एसएसएच पद्धत फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी १९९५ साली तयार केली. दार ठोठावणाऱ्याच्या आकडी पत्त्यावरून त्याचं नाव शोधायची सर्व्हरची, म्हणजे इथे रास्पबेरी पायची, जुनी रीत. नाव सांगायचं काम डीएनएसचं. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडलेली ही व्यवस्था आज जगभर चालते. पण १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखलेले, त्यामुळे घरोघरी तेच. धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत; गावाचं नाव न सांगता दिल्लीत कुणी ‘गल्ली नंबर चारमध्ये कोण राहतं?’ विचारलं, तर काय उत्तर मिळणार?

‘असं नाव नाही’ एवढं उत्तर चटकन आलं तरी काम पुढे सरकतं. उत्तरच आलं नाही, की गाडी अडते. लिनक्स साधारणपणे पाच सेकंद वाट पाहतं आणि पुन्हा एकदा विचारतं. डीएनएसचे दोन पत्ते भरलेले असले आणि दोन्ही मुके असले, तर वीस सेकंद जातात. म्हणून आधी घड्याळ लावावं. थांबा पाचाच्या पटीत आला, तर संशय नावावरच घ्यावा.

ओपनएसएसएच या एसएसएचच्या सॉफ्टवेअरच्या मार्च २०१५ मधल्या ६.८ आवृत्तीपासून ही चौकशी मुळातच बंद असते. जुन्या मशीनवर सर्व्हरच्या सेटिंग फाइलमध्ये ‘यूजडीएनएस नो’ लिहावं लागतं. तरीही खोळंबा राहिला, तर जीएसएसएपीआय ही मोठ्या कार्यालयांसाठीची ओळख-तपासणी बंद करून पाहावी. तीही नावं शोधत बसते. लॉगिनच्या कमांडला ‘व्ही’ची जोड दिली, की गाडी कुठल्या पायरीवर अडली ते स्क्रीनवर दिसतं.

दुसरा उपाय होस्ट्स फाइलचा: घरातल्या मशीनचे पत्ते आणि नावं सर्व्हरवरच लिहून ठेवायची. मात्र लाइट गेली, राउटर पुन्हा सुरू झाला, की तो नवे पत्ते वाटू शकतो आणि लिहिलेली नोंद खोटी ठरते. खान्देशातल्या उन्हाळ्यात हे ध्यानात ठेवायलाच हवं. त्यासाठी राउटरमध्ये प्रत्येक मशीनचा पत्ता राखून ठेवावा.

सेटिंग बदलताना उघडं असलेलं लॉगिन बंद करू नये. दुसऱ्या खिडकीतून आत जाता येतंय याची खात्री झाल्यावरच पहिली खिडकी मिटावी.