वास्तूंची पारख आणि परीक्षकांची जबाबदारी

जुन्या वास्तूच्या दुरुस्तीवर पैसा खर्च झाला म्हणजे तिचे जतन झाले, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात दुरुस्तीनेच वास्तूचे रूप बिघडल्याची उदाहरणे गावोगावी पाहावयास मिळतात. काळ्या पाषाणातील मंदिरावर तैलरंग चढतो, चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा होतो, वाड्याचे कोरीव सागवानी खांब काढून तेथे लोखंडी नळ्या उभ्या राहतात. काम करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. परंतु चांगले काम कोणते व वाईट कोणते, हे ठरविण्याचे माप त्यांच्याजवळ नसते. हे माप निश्चित करण्याचे आणि ते लोकांपुढे ठेवण्याचे कार्य वास्तुविषयक पारितोषिके व त्यांची परीक्षक मंडळे करीत असतात. म्हणूनच ही मंडळे निर्णय कसा घेतात, हे केवळ तज्ज्ञांनीच नव्हे, तर ग्रामपंचायतींच्या सदस्यांनी व शिक्षकांनीही समजून घेणे उपयुक्त ठरेल.

एक प्रादेशिक उपक्रम

युनेस्कोच्या बँकॉक येथील प्रादेशिक कार्यालयाने २००० साली आशिया व पॅसिफिक प्रदेशासाठी सांस्कृतिक वारसा जतन पारितोषिके सुरू केली. पहिल्याच वर्षी मलेशियातील पेनांग येथील छाँग फाट त्झे यांच्या जुन्या हवेलीस सर्वोच्च मान मिळाला. खाजगी पुढाकाराने अथवा खाजगी व सार्वजनिक सहकार्याने झालेल्या जतनकार्यास उत्तेजन देणे, हा या उपक्रमाचा मूळ हेतू होय. वास्तू पन्नास वर्षांहून अधिक जुनी असावी, काम गेल्या दहा वर्षांत पूर्ण झालेले असावे आणि वास्तू प्रत्यक्ष वापरात असावी, अशा त्याच्या प्रमुख अटी आहेत. उत्कृष्टता, विशेष प्रावीण्य व गुणवत्ता अशा श्रेणींत पारितोषिके दिली जातात. ऐतिहासिक परिसरात शोभेल अशा नव्या बांधकामासाठी २००५ पासून, तर शाश्वत विकासास हातभार लावणाऱ्या कामासाठी २०२० पासून स्वतंत्र गौरव केला जातो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हे पारितोषिक मिळाले म्हणजे ती वास्तू जागतिक वारसा स्थळ ठरली, असे नाही. जागतिक वारसा यादी वेगळी व तिची कार्यपद्धतीही वेगळी. यादीत स्थळाच्या महत्त्वाचा विचार होतो. पारितोषिकात त्या स्थळावर माणसांनी केलेल्या कामाचा विचार होतो. त्यामुळे लहान खेड्यातील देवालयही येथे राजवाड्याच्या बरोबरीने विचारात घेतले जाते.

परीक्षक काय पाहतात

परीक्षक मंडळात जतनकार्याचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदांना मोठे स्थान असते. यामागे कारण आहे. सामान्य प्रेक्षकास काम झाल्यानंतरची शोभा दिसते. वास्तुविशारदास त्या शोभेखाली काय झाकले गेले आहे, हे उमगते. भिंतीत मुरणारे पाणी खरोखर थांबविले की वरून रंग दिला, जुन्या तुळईचा कुजलेला भागच बदलला की सबंध तुळई टाकून दिली, या गोष्टी नकाशे व छायाचित्रे पाहून तो ताडू शकतो.

परीक्षणाच्या कसोट्या स्थूलमानाने पाच प्रकारच्या आहेत. त्या स्थळाचे मूळ भाव व महत्त्व कामातून प्रकट झाले काय. तांत्रिक बाजू निर्दोष आहे काय. वास्तूचा आताचा वापर तिला साजेसा आहे काय. स्थानिक लोकांचा सहभाग होता काय. आणि परिसराच्या टिकाऊ विकासास त्या कामाचा लाभ झाला काय. या पाचांपैकी फक्त दुसरी कसोटी निव्वळ बांधकामाची आहे, हे ध्यानी घेण्यासारखे आहे. भिंत उत्तम दुरुस्त झाली, परंतु गावकऱ्यांस वास्तूचे दार बंद झाले, तर ते काम अपुरेच ठरते.

लडाखमधील बासगो येथील मैत्रेय मंदिरांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. कच्च्या मातीच्या बांधणीची ही प्राचीन मंदिरे ढासळण्याच्या बेतात होती. गावकऱ्यांनी आपली समिती स्थापून काम हाती घेतले, तज्ज्ञांचे साहाय्य मिळविले आणि स्थानिक साहित्य व कारागिरी यांच्या आधारे मंदिरे सावरली. २००७ साली या कामास उत्कृष्टतेचे पारितोषिक मिळाले. तमिळनाडूतील तुक्काची येथील चोळकालीन आबत्सहायेश्वर मंदिराच्या जीर्णोद्धारास २०२४ साली विशेष प्रावीण्याचे पारितोषिक लाभले. तेथे परंपरागत स्थपतींचे ज्ञान व आधुनिक जतनशास्त्र यांचा मेळ घालण्यात आला होता.

महाराष्ट्राचा वाटा

या पारितोषिकांत महाराष्ट्राने, विशेषतः मुंबईने, लक्षणीय स्थान मिळविले आहे. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये जनतेसाठी खुले झाले. पुढे ही वास्तू जीर्णावस्थेस पोहोचली. बृहन्मुंबई महानगरपालिका, इन्टॅक ही संस्था व जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी २००३ साली त्रिपक्षीय करार केला आणि वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या मार्गदर्शनाखाली इमारतीचे मूळ वैभव पुन्हा प्रकटले. २००५ साली या कामास उत्कृष्टतेचे पारितोषिक मिळाले. मालकी महापालिकेची, अर्थसाहाय्य प्रतिष्ठानाचे व ज्ञान तज्ज्ञांचे, अशी ही विभागणी अन्य नगरपालिकांनीही अभ्यासावी अशी आहे.

२०१७ साली रॉयल ऑपेरा हाउसला, २०१९ साली फोर्टमधील केनेसेथ एलियाहू या ज्यू प्रार्थनामंदिराला गुणवत्ता पारितोषिक मिळाले. २०१९ सालीच फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीचा सन्माननीय उल्लेख झाला. १९२२ मध्ये जनतेसाठी उघडलेल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या जतनकार्यास, संग्रहालयाच्या शताब्दीच्या वर्षीच, म्हणजे २०२२ साली, उत्कृष्टतेचे पारितोषिक लाभले. त्याच वर्षी भायखळा रेल्वे स्थानक गुणवत्ता पारितोषिकास पात्र ठरले. रोज हजारो प्रवाशांची वर्दळ असलेले स्थानक चालू ठेवून त्याचे जुने रूप सांभाळता येते, हे या निवडीने दाखवून दिले. वारसा म्हणजे कुलूप लावून ठेवण्याची वस्तू नव्हे, हाच त्याचा अर्थ.

जागेवर जाऊन पडताळणी

कागदपत्रांवरून निर्णय देताना एक मर्यादा राहते. कुशल छायाचित्रकार सामान्य इमारतीसही भव्य बनवू शकतो. या अडचणीवर आगाखान वास्तुशिल्प पारितोषिकाने काढलेला मार्ग उद्बोधक आहे. १९७७ साली स्थापन झालेले हे पारितोषिक दर तीन वर्षांनी दिले जाते. परीक्षक मंडळ प्रथम मोजकी कामे निवडते. त्यानंतर स्वतंत्र तज्ज्ञ प्रत्येक ठिकाणी जाऊन पाहणी करतात, वापरणाऱ्यांशी बोलतात आणि मंडळापुढे उभे राहून सदस्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतात. मगच अंतिम निर्णय होतो. मंडळात वास्तुविशारदांसमवेत इतिहासकार, समाजशास्त्रज्ञ आदींचाही समावेश असतो.

अशा पद्धतीमुळेच जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात उभारलेल्या कुष्ठरुग्णालयाची दखल १९९८ साली घेतली गेली. दोन तरुण नॉर्वेजियन वास्तुविशारदांनी, पेर क्रिस्टियन ब्रिनिल्डसेन व यान उलाव येन्सेन यांनी, अल्प खर्चात, स्थानिक दगडाचा उपयोग करून, मधल्या अंगणाभोवती ही साधी इमारत रचली. समाजाने दूर लोटलेल्या रुग्णांस आसरा वाटावा, अशी ती रचना होती. त्याच वर्षी पारितोषिक मिळालेल्या कामांत भोपाळचे भव्य विधान भवन होते. चार्ल्स कोरिया यांची ती विख्यात कृती आणि चोपडा तालुक्यातील हे छोटे रुग्णालय एकाच यादीत यावे, यातच परीक्षकांच्या दृष्टीची व्यापकता दिसून येते.

परीक्षकांचे एकमत झालेच पाहिजे, असेही नाही. १९८६ साली याच पारितोषिकाच्या मंडळातील हान्स होलाइन व मेहमेत दोरुक पामीर या दोन वास्तुविशारदांनी बहुमताहून वेगळे मत नोंदविले आणि ते प्रसिद्धही झाले. मतभेद दडविण्यापेक्षा तो कारणांसह मांडणे, हे निःपक्षपाती परीक्षणाचे लक्षण होय. आपल्या स्वतःच्या वा निकटवर्तीयांच्या कामावर निर्णय देण्याचे टाळणे आणि प्रत्येक निवडीची कारणे लेखी देणे, हे नियमही तितकेच आवश्यक आहेत. तालुका वा जिल्हा पातळीवर कोणतीही स्पर्धा घेताना हेच नियम लागू पडतात.

गावपातळीवर उपयोग

प्रत्येक गावाने पारितोषिकासाठी धावावे, अशी अपेक्षा नाही. परंतु परीक्षकांचे प्रश्न ग्रामसभेत विचारता येतात. देवालय, बारव, चावडी वा जुनी शाळा दुरुस्त करण्यापूर्वी वास्तूची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, मोजमापे नोंदवावीत. पाणी कोठून मुरते याचा प्रथम शोध घ्यावा. चुन्याच्या जुन्या बांधकामावर सिमेंट वापरल्यास भिंतीतील ओल आत कोंडते व दगड-विटांची झीज वाढते. म्हणून चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधावा. वास्तू महाराष्ट्र प्राचीन स्मारके व पुराणवास्तुशास्त्रविषयक स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९६० अन्वये संरक्षित असल्यास पुरातत्त्व खात्याच्या परवानगीविना तिला हात लावू नये.

शिक्षकांनाही यात मोठे कार्य करता येईल. विद्यार्थ्यांकडून गावातील जुन्या वास्तूंची नोंदवही तयार करून घेणे, वृद्धांकडून त्यांची माहिती टिपून ठेवणे, हे कमी खर्चाचे व दीर्घकाळ उपयोगी पडणारे काम आहे. दूरच्या परीक्षक मंडळापुढे एखादे काम जाते तेव्हा अशा नोंदीच त्याची साक्ष देतात; आणि कोणतेही मंडळ कधीच आले नाही, तरी दुरुस्तीच्या वेळी मूळ रूप काय होते, हे सांगणारा आधार गावाजवळ राहतो. एकदा खरवडून काढलेले कोरीव काम पुन्हा आणता येत नाही. म्हणून निर्णयाची घाई न करता जाणत्यांचा सल्ला घेणे, यातच गावाच्या वारशाचे खरे रक्षण आहे.