ऐरलंगाचा शिलालेख आणि आपला न्याय

बागबाजारात विश्वकोश लेन नावाची एक गल्ली आहे. बंगाली विश्वकोशाचे २२ खंड सिद्ध करणाऱ्या नगेंद्रनाथ बसूंच्या कार्यामुळे तिला हे नाव मिळाले. निवृत्तीनंतर मी रोज सकाळी तेथून घाटाकडे फिरावयास जातो. याच हुगळी नदीतून दोनशे वर्षांपूर्वी जावा बेटावरचा एक शिलालेख या शहरात आला. तो अद्याप परत गेलेला नाही.

इंडोनेशियात त्याला पुचांगन शिलालेख म्हणतात. अभ्यासकांत तो ‘कलकत्ता स्टोन’ म्हणून परिचित आहे. १८११ मध्ये ब्रिटिशांनी जावा जिंकले, तेव्हा गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटो स्वतः मोहिमेवर होता. तेथील कारभार सोपवलेल्या स्टॅम्फर्ड रॅफल्सने पुढे आपल्या या वरिष्ठाला दोन शिलालेख नजर केले. एक मिंटोच्या स्कॉटलंडमधील जहागिरीत गेला. दुसरा येथेच राहून इंडियन म्युझियमच्या संग्रहात जमा झाला.

शिलालेख इ. स. १०४१ चा आहे. एका बाजूस संस्कृत, दुसऱ्या बाजूस प्राचीन जावी भाषा. त्यात राजा ऐरलंगाची कथा आहे. बालीचा हा राजपुत्र पूर्व जावात आलेला असताना शत्रूने राजधानी उद्ध्वस्त केली. सोळा वर्षांचा ऐरलंग नरोत्तम नावाच्या सेवकासह अरण्यात गेला, तपस्व्यांत राहिला, १०१९ मध्ये अभिषिक्त झाला आणि विस्कटलेले राज्य त्याने पुन्हा जोडले. त्याच्याच दरबारी म्पू कन्व याने ‘अर्जुनविवाह’ काव्य रचले. सुराबाया येथील विद्यापीठ १९५४ पासून त्याचे नाव मिरवते. त्याच्या उदयाची हकीकत मात्र प्रामुख्याने कळते ती कोलकात्यातल्या या दगडावरून.

संस्कृत लेख म्हणजे आपलाच वारसा, असे आमच्याकडे पुष्कळांना वाटते. १९२६ मध्ये याच शहरात ‘ग्रेटर इंडिया सोसायटी’ स्थापन झाली, त्या काळाचा हा अवशेष असावा. त्या न्यायाने युरोपातील प्रत्येक लॅटिन शिलालेखावर रोमने हक्क सांगावा! आणि दुसऱ्या बाजूच्या जावी लेखाचे काय?

नेदरलँड्सने २०२५ मध्ये यूजीन द्युब्वा याच्या संग्रहातील २८ हजारांहून अधिक जीवाश्म इंडोनेशियाला परत देण्याचे मान्य केले. त्यात १८९१ मध्ये सोलो नदीकाठी त्रिनिल येथे सापडलेला ‘जावा मानव’ही आहे. (गेसांगने १९४० मध्ये जिच्यावर ‘बेंगावान सोलो’ हे आशियाभर गाजलेले गीत रचले, तीच ही नदी.) आपणही मागणाऱ्यांच्या रांगेत आहोत. २०२४ मध्ये अमेरिकेने आपल्या २९७ पुरावस्तू परत दिल्या, तेव्हा आपण समाधान व्यक्त केले. त्या चोरीच्या होत्या, हा शिलालेख भेट होता, असा युक्तिवाद होईल. जिंकलेल्या मुलखातील वस्तू जेत्यानेच जेत्याला दिली, तर तिला भेट म्हणणे मला तरी जड जाते.

हे म्युझियम १९१० च्या कायद्याने चालते, राज्यपाल विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष असतात आणि संस्था केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. म्हणजे निर्णय दिल्लीतच व्हावयाचा. पूर्वोदाहरणाची भीती घालणारी टिपणे मीही नोकरीत लिहिली आहेत. त्यामुळे फाइल कोठे अडेल, हे सांगता येते. तरीही प्रथम दोन्ही देशांच्या अभ्यासकांनी मिळून लेखाचे नव्याने वाचन करावे, ठसे व प्रतिकृती कोलकात्यात ठेवावी आणि मूळ शिलालेख करारान्वये सन्मानाने जावाला पाठवावा. प्रजासत्ताक दिनाचे पहिले प्रमुख पाहुणे १९५० मध्ये सुकार्नो होते; २०२५ मध्ये प्रबोवो होते. पुढील पाहुणा येण्याची वाट न पाहता हे टिपण मंत्रिमंडळापुढे ठेवता येईल.